मेजर गरुडे यांचे दोन डावे हात

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५. संगमनेर. संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटे.

वेळ लिहून ठेवते आहे, पुढे लागेल. हॉलच्या भिंतीवर घड्याळ होतं आणि मी त्याच्याकडेच बघत होते, कारण दिवेकरांकडे बघवत नव्हतं.

जुनी खेळणी आणि जुनी कॉमिक्स यांचं प्रदर्शन. मला पहिल्या रांगेत बसवलेलं, मांडीवर नारळ आणि गुलाबाचं फूल. स्टेजवर दिवेकर. ऐंशीच्या घरात, केस काळेभोर. खेळण्यांच्या कंपनीत हे मंजुरी अधिकारी होते. म्हणजे 'गरुडे पथक' कॉमिकचं मी काढलेलं प्रत्येक पान त्यांच्या शिक्क्याशिवाय छापखान्यात जात नसे. आता कंपनी नाही, शिक्का नाही. माइक आहे.

कुणीतरी विचारलं, मेजर गरुडेंना दोन डावे हात का? दिवेकर आधी स्वतः हसले. लोकांना हसवायचं असलं की आधी आपण हसायचं, ही त्यांची जुनी सवय.

"आज गुपित सांगून टाकतो. आमच्या साळवेबाई इथेच बसल्यात. चित्रं फर्स्ट क्लास. पण उजवा हात म्हटला की बाईंचं घोडं अडायचं. जमायचाच नाही. शेवटी आम्ही काय केलं, खेळण्याचा साचाच बदलला. बाईंना बदलण्यापेक्षा ते सोपं."

हॉल हसला. मागून टाळ्या. शेजारच्या प्राध्यापिका माझ्याकडे वळून कौतुकाने हसल्या, आजीने कपात साखरेऐवजी मीठ घातल्यावर हसतात तसं.

उठून बोलायला हवं होतं. कॉन्व्हेंटमध्ये वळण लावलेलं, वक्ता बोलत असताना जागेवरून उठायचं नाही. एकाहत्तराव्या वर्षी ते वळण पाळलं. नारळ घेऊन गाडीत बसले.


रविवार, ९ नोव्हें. नगर.

चर्चमध्ये पाळकसाहेबांचा उपदेश क्षमेवर. मी शालूकडे बघितलं. शालू माझी धाकटी बहीण, रिटायर्ड नर्स, नवरा गेल्यापासून माझ्याकडेच असते. तिने स्तोत्रांच्या पुस्तकात डोकं घातलेलं.

"मी पाळकांना काही सांगितलं नाही हं, ताई," बाहेर आल्यावर म्हणाली.

"मग देवाने सांगितलं असेल. त्याला दिवेकरांनी फोन केला असणार."

राग आला की माझा क्रम चुकतो. म्हणून खरं काय ते एकदा सरळ लिहून काढते.

कंपनी प्लास्टिकचे सैनिक करायची. ते खपावेत म्हणून कॉमिक. नियम एकच: डब्यात जे, तेच पानात. खेळण्याचा गुडघा वाकत नसे, म्हणून मेजर गरुडे इतक्या वर्षांत कधी गुडघ्यावर बसले नाहीत. बुटाची नाडी सुटली तर दुसऱ्याने बांधायची. मुठीला पिस्तुलासाठी भोक, म्हणून चहाचा कपही भोकात अडकवलेला. जो सैनिक खपत नसे त्याला गोष्टीतून काढायचा, पण मारायचा नाही, कारण दुकानांत माल पडून असे. डॉक्टर ढगे असेच एका अंकात "आलोच" म्हणून तंबूबाहेर गेले ते अजून आलेले नाहीत.

खेळण्याआधी कॉमिक बाजारात यायचं. म्हणून साचा तयार व्हायच्या आधीच हाताने जोडलेला नमुना पुण्याहून, दिवेकरांच्या टेबलावरून, एसटीच्या पार्सलने माझ्याकडे आला. उघडला आणि लगेच दिसलं: उजव्या खांद्याला डावा हात. कुणीतरी घाईत चिकटवलेला. अंगठा बाहेरच्या बाजूला. मी शहाणपणा केला आणि पहिल्या अंकाच्या सगळ्या पानांवर उजवा हात बरोबर काढला.

पानं परत आली. वर लावलेल्या ट्रेसिंग कागदावर प्रत्येक उजव्या हाताभोवती लाल वर्तुळ. 'नमुन्याप्रमाणे काढावे.' खाली दिवेकरांची सही.

पोस्टातून ट्रंक कॉल लावला. म्हटलं, साहेब, माणसाला असा हात नसतो. म्हणाले, "बाई, तुम्ही डॉक्टर आहात का? डब्यात जे, ते पानात. संपलं."

कागदाची बारीक ठिगळं कापली, प्रत्येकावर डावा हात काढला, रबर सोल्युशनने उजव्या हातांवर चिकटवली. अंक छापला गेला.

मग कारखान्यातून खेळणी आली. साच्यात हात बरोबर. नमुन्यातली चूक कारखान्यात कुणीतरी दुरुस्त केलेली, मला कळवलं नाही. पोरांनी कंपनीला पत्रं लिहिली, आमचा मेजर नकली आहे, पुस्तकातल्यासारखा हात नाही. कंपनी घाबरली आणि साचा बदलला.

म्हणजे दिवेकरांच्या किश्श्याचा शेवट खरा आहे. म्हणूनच तो खोडता येत नाही. पूर्ण खोटं बोलले असते तर बरं झालं असतं.


मंगळवार, ११ नोव्हें.

फोन. "बाई, मी सोपान बोलतोय, पुणतांब्याचा. संगमनेरात भेटल्तो नं, मेजर घिऊन आल्तो."

आठवला. पन्नाशीचा, पेरूची बाग आहे. शर्टाच्या खिशातून मेजर गरुडे काढून दाखवला होता. एक पाय तुटका, दोन्ही हात डावे, शाबूत.

"त्यो मानूस बोल्ला ते मला लई लागलं. मला वाटलं बाई आता उठून कानफटात देत्यात."

"वळण आडवं आलं, सोपानराव."

"आवो, आमी शाळंत तसाच सलाम ठोकायचो, अंगठा भाईर करून. गुरुजींनी हानलं, तरी सोडला न्हाई. आन मला येक सांगा, हात काढता येत न्हवता तर डावा कसा येत हुता? डावा आला म्हंजे उजवा आलाच की. आरशात धरला का झालं."

मी म्हटलं, हे तुम्ही त्या हॉलमध्ये उठून का नाही बोललात?

तिकडे कुणाला तरी 'थांब रं' म्हणाला. मग, "मलाबी वळन हाय की, बाई."

पेरूंची पेटी पाठवतो म्हणाला.


शुक्रवार, १४ नोव्हें.

सायली आली होती, पुण्याहून, स्वतः गाडी चालवत. ही गरुडे पथकाचे सगळे अंक एका पुस्तकात काढते आहे. माझं पहिलं पुस्तक. जानेवारीत नगरला प्रकाशन. नवं मुखपृष्ठ मी करायचं, नोंदवलेल्या प्रतींवर सह्या मी करायच्या. वर्षभर मागे लागलेली आहे, छापखान्याच्या मालकांच्या सुनेकडून मूळ पानं तिनेच मिळवली. मुलगी गुणाची. लिहायचं म्हणून लिहीत नाही.

लॅपटॉप उघडला. "मॅम, तुमच्यासाठी सरप्राईज."

पहिला अंक. मेजर गरुडे हेलिकॉप्टरच्या दारात उभे, उजवा हात दाराच्या चौकटीवर. बरोबर हात. अंगठा जिथे हवा तिथे.

"सगळ्या अंकांतले हात नीट केले. दिवेकर सर म्हणाले, आता कॉम्प्युटरवर होतं तर बाईंची लाज का ठेवायची उघडी."

बाईंची लाज. शालू पोहे घेऊन येत होती ती दारात थांबली.

मी विचारलं, हा पहिल्या अंकातला हात कुणी काढला?

"नाही, पहिल्या अंकात काही करावंच लागलं नाही. त्यात आधीपासून बरोबर होते. बाकीच्या अंकांना मग तेच हात आम्ही कापून लावले."

मी तो हात मोठा करून बघितला. क्रोक्विलच्या बारीक निबने काढलेल्या रेघा. करंगळीच्या सांध्यावर मी नेहमी एक तिरपी रेघ मारायची, ती होती. माझा हात. ठिगळाखाली इतकी वर्षं होता.

"सायली, पानांवर चिकटवलेले कपटे होते ना?"

"चिकटलेले नव्हते. पाकिटाच्या तळाशी सुटे पडले होते, पिवळे झालेले, नखाएवढे कागद. मला वाटलं कचरा." मग तिचा चेहरा बदलला. "ते काय होतं, मॅम?"

रबर सोल्युशन सुकतं. सुकलं की ठिगळ गळतं. हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि त्यातलं आता कुणी उरलेलं नाही.

तिला सगळं सांगितलं. लाल वर्तुळं, ट्रंक कॉल, साचा. ती ऐकत होती, पोहे गार झाले.

"म्हणजे खालचे आधीचे. वरचे नंतरचे."

"कागदावर कागद चिकटवला की खालचा आधीचाच असतो."

"सॉरी मॅम." आणि मग, जायला उठल्यावर, चप्पल घालताना: "एक अडचण आहे. सरांनी प्रस्तावना लिहून दिली आहे. त्यात तोच किस्सा आहे."

"पहिल्याच पानावर?"

"पहिल्याच परिच्छेदात."


सोमवार, १७ नोव्हें.

सकाळी दिवेकरांना फोन. बोलणं जसंच्या तसं लिहिते.

"वा, साळवेबाई. आज कशी आठवण?"

"संगमनेरला तुम्ही स्टेजवर खोटं बोललात."

"खोटं काय त्यात? लोक हसले की नाही?"

"लाल वर्तुळं तुम्ही काढलीत. खाली सही तुमची."

"अहो, जमाना झाला. कुणी कुठलं वर्तुळ काढलं, कुणाला आठवतं?"

"मला. आणि आता कागदालाही आठवलंय. ठिगळं गळली आहेत, खाली बरोबर हात निघाला. सायलीने बघितला."

चमच्याचा आवाज येत होता, चहा ढवळत असावेत.

"म्हणजे बघा, शेवटी बरोबर हात सापडलाच. झालं की तुमचं काम."

"प्रस्तावनेतला किस्सा काढा."

"बाई, एक समजून घ्या. चूक कारखान्याची होती म्हटलं तर ती नुसती चूक. चूक एका बाईच्या हाताची होती म्हटलं की लोकांना माया वाटते. पुस्तक त्यावर चालतं. मी तुम्हाला अमर करतोय."

"मग चूक तुमची होती म्हणा आणि तुम्हीच अमर व्हा."

"जीभ काही बदलली नाही तुमची."

"जिभेला मंजुरी लागत नव्हती."

फोन त्यांनी ठेवला. मी ठेवणार होते, तेवढं राहिलं.

शालू म्हणते बी.पी. बघू. बघितला. तिने आकडा सांगितला नाही, नुसतं गोळीचं पाकीट पुढे केलं.


बुधवार, १९ नोव्हें.

सायलीचा फोन. खूप वेळ इकडचं तिकडचं. मग मुद्दा.

कंपनी बंद पडली तेव्हा दिवेकरांनी 'मेजर गरुडे' हे नाव आपल्या नावावर लिहून घेतलं. त्यांच्या परवानगीशिवाय पुस्तक नाही. प्रस्तावना हीच त्यांची अट. एक शब्द बदलणार नाही म्हणतात.

"मॅम, हा लहानसा किस्सा आहे. वाचणारे चित्रं बघणार."

"किस्सा वाचून मग चित्रं बघणार. प्रत्येक चौकटीत आधी हात शोधणार."

मग मीच विचारलं.

"तू लहानपणी वाचलेस ना अंक? काय वाटायचं हाताबद्दल?"

"वाटायचं, हा कुणालाही हस्तांदोलन करू शकत नाही, म्हणून एकटा असतो." थोडी हसली. "मी त्यावर निबंध लिहिला होता सातवीत."

हे मी ठरवून केलं होतं. हात चुकीचा काढायची शिक्षा झाली तेव्हा ठरवलं, हा हात असा काढायचा की कुणाला चूक वाटू नये, स्वभाव वाटावा. उलट्या मुठीने ठोसा कसा बसेल, दोर कसा धरेल, सलाम कसा दिसेल, आरशासमोर उभं राहून खांदा पिळून बघायची. बरोबर हात कुणीही काढतं. शाळेत चित्रकलेच्या तासाला मी पुढे हजारो मुलींना शिकवला. चुकीचा हात वर्षानुवर्षं बरोबर वाटेल असा काढणं, हे मी केलं. आणि ते आता कॉम्प्युटरवर पुसून टाकलंय, वर माझीच लाज राखली म्हणे.


रविवार, २३ नोव्हें.

मुखपृष्ठ सुरू केलं. पुस्तक निघो न निघो, कागद ताणून फळीवर लावला.

मध्ये मेजर नाही. मध्ये काळभुंगा, पथकाचा वैरी.

हे कुठे लिहिलेलं नाही, आज लिहिते. काळभुंग्याचं खेळणं शिरस्त्राणासकट आलं होतं, चेहरा झाकलेला. डब्यात चेहरा नाही म्हणजे पानात चेहरा माझ्या मर्जीचा. शिरस्त्राण काढल्याचा प्रसंग आला तेव्हा मी त्याला दिवेकरांची हनुवटी दिली. मधोमध खाच, किंचित डावीकडे ओढलेली, वर तो जाड खालचा ओठ. पानं मंजुरीला गेली. आपल्याच हनुवटीवर त्यांनी शिक्का मारला. पुढच्या वर्षी कंपनीने बिनशिरस्त्राणाचा काळभुंगा बाजारात आणला, माझ्या चित्रावरून. महाराष्ट्रातल्या पोरांनी दिवेकरांना चिखलात पुरलं, फटाक्याने उडवलं, कुत्र्याला चघळायला दिलं. मला त्या दिवाळीत फार समाधान लाभलं होतं.

दुपारी शालू मागे येऊन उभी राहिली.

"हा दिवेकर ना?"

"हा काळभुंगा."

"दिवेकरच आहे. केस काळे केलेस की झालं."

केले.


गुरुवार, २७ नोव्हें.

भांडण. नाताळच्या करंज्या आताच करून ठेवायची शालूची घाई, मी सारण भाजत होते. सायलीने संमतीपत्र पाठवलंय, चित्रं छापायला माझी सही हवी. तीन दिवस टेबलावर पडून आहे. शालूने विचारलं, कधी करतेस?

"प्रस्तावना बदलल्यावर."

"आणि नाही बदलली तर?"

"तर नाही."

तिने लाटणं खाली ठेवलं. "ताई, तुझी कॉमिक्स रद्दीत गेली. घरोघर त्यात भेळ खाल्ली लोकांनी. मग कंपनी गेली आणि तू शाळेत जास्वंदीचं फूल शिकवत बसलीस, एका शब्दाने कधी कुरकुरली नाहीस, मी बघितलंय. आता एक मुलगी सगळं गोळा करून पुस्तक काढतेय. आणि तू एका म्हाताऱ्याच्या चार ओळींसाठी ते बुडवणार."

"चार ओळी माझ्या हाताबद्दल आहेत."

"असू दे. पुस्तक नाही निघालं तर काय उरणार आहे? तो संगमनेरला बोलला ते उरणार. त्याचा व्हिडिओ आहे, सगळे एकमेकांना पाठवतायत. तो बोललेलं राहील, तू काढलेलं राहणार नाही."

मी सारण हलवत राहिले. जरा लागलं खाली.

रात्री जेवताना तिने माझ्या ताटात वाढलं, मी तिच्या.


सोमवार, १ डिसें.

सायली उत्साहात. "मॅम, सर तयार झाले."

"कशाला?"

"हात मूळचे ठेवायला. अंकात छापले होते तसेच, दोन्ही डावे. जुने अंक स्कॅन करून वापरू. कॉम्प्युटरचं सगळं रद्द."

एक क्षण खरंच बरं वाटलं. खुर्चीत बसले. मग विचारलं, आणि प्रस्तावना?

"ती तशीच. सर म्हणाले, उलट हात मूळचे ठेवले तर किस्सा आणखी रंगेल. वाचकाला पानोपानी पुरावा."

हा माणूस मंजुरी अधिकारी उगाच नव्हता. हात दुरुस्त केले तर माझं काम पुसलं जातं. हात तसेच ठेवले तर त्याचा विनोद चित्रांसह छापला जातो. दोन्हीकडून मीच.

"मॅम, तुम्ही शेवटी एक पान लिहा ना. तुमची बाजू. मी छापते."

"त्यांचं पहिलं पान आणि माझं शेवटचं? आणि बाजू कसली, सायली? बाजू दोन असतात. लाल वर्तुळ एकाच पेनाने काढलं होतं."

ती वैतागली. पहिल्यांदाच आवाज चढला. "मग मी काय करू, सांगा. नाव त्यांचं, चित्रं तुमची. दोघांतल्या एकाने जरी नाही म्हटलं तरी पुस्तक नाही. मी मध्ये चिरडतेय. पंधरा तारखेला छपाईला द्यायचंय."

"रागावू नकोस. पेरू आलेत पुणतांब्याहून, येशील तेव्हा घेऊन जा."

फोन ठेवला. मग तिचं वाक्य कॅलेंडरवर लिहून घेतलं. दोघांतल्या एकाने जरी नाही म्हटलं तरी. इतके दिवस मला वाटत होतं शिक्का अजून त्यांच्याकडेच आहे.


बुधवार, ३ डिसें.

मुखपृष्ठ पुरं व्हायला आलं. काळभुंगा झाला, आकाश झालं. मेजर गरुडे राहिलेत, फक्त उजवी बाजू.

चित्रकाराचा मॉडेल म्हणजे स्वतःचा डावा हात. उजव्यात ब्रश असतो, डावा समोर मोकळा. उजवा काढायचा तर आरसा लागतो. म्हणून दिवेकरांचं खोटं चित्रकारांनाही खरं वाटेल. दिवेकरांना हे माहीत नाही, माहीत असतं तर तेही प्रस्तावनेत घातलं असतं.

आरसा लावला. अंगठ्याच्या बुडाशी सूज आहे, थंडी सुरू झाल्यापासून जास्त. सकाळभर काढला. आधी सुट्या कागदावर बरोबर हात. अंगठा, मग तर्जनी, करंगळीची तिरपी रेघ. मग त्याच्याशेजारी दुसऱ्या कागदावर डावा, त्याच मापाचा.

शालूने दोन्ही बघितले. "कुठला लावणार?"

"ते दिवेकरांवर आहे. खरं लिहिलं तर डावा पुस्तकावर, नाही तर उजवा माझ्या भिंतीवर."

"पुन्हा त्यांच्याच मंजुरीवर?"

टोचून बोलते, घराण्यातच आहे. पण नाही. मंजुरी नव्हे. आजवर त्यांनी माझ्या कागदावर सही केली. या वेळी त्यांच्या स्वतःच्या कागदावर करायची.

संध्याकाळी सायलीला फोन करून सांगितलं काय करणार आहे ते. मग म्हणाली, "मॅम, सर नाही म्हणाले तर माझं वर्षभराचं काम गेलं." म्हटलं, माहीत आहे. "तुमचंही गेलं." म्हटलं, तेही माहीत आहे. "तुम्हाला भीती नाही वाटत?"

वाटते. तिला नाही म्हणून सांगितलं.


शुक्रवार, ५ डिसें.

कॅरलची तालीम सोडून पोस्टात गेले. दिवेकरांना स्पीड पोस्टने पाठवलं. इथे प्रत ठेवते. शालूने वाचून दोन विशेषणं काढायला लावली. एक काढलं.

"श्री. दिवेकर यांस,

आठ नोव्हेंबरला संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी, संगमनेर येथे, भरल्या सभेत आपण सांगितलंत की मला उजवा हात काढता येत नव्हता. तेच आपण पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहिलं आहे. हे निर्लज्ज असत्य आहे. पहिल्या अंकातले उजवे हात मी बरोबर काढले होते. ते आपण लाल वर्तुळ करून परत पाठवलेत. मी त्यांवर डावे हात चिकटवले ते आपल्या हुकमावरून. ठिगळं गळली आहेत, खालचे हात सायलीकडे आहेत, येऊन बघावेत.

माझं म्हणणं असं. पुस्तकात हात छापले होते तसेच राहतील, दोन्ही डावे. ते माझं काम आहे आणि मला त्याची लाज नाही. प्रस्तावना आपणच लिहावी. तिच्या पहिल्या परिच्छेदात, आपल्या शब्दांत आणि आपल्या सहीने, चुकीचा नमुना कुणाच्या टेबलावरून आला आणि बरोबर हात कुणी नाकारला, एवढं लिहावं. शेजारी ठिगळाखालच्या एका हाताचं चित्र छापलं जाईल. क्षमा मागू नये. मला ती नको, आणि आपल्याला ती जमणार नाही.

हे मान्य नसेल तर माझ्या चित्रांना माझी संमती नाही. मग मेजर गरुडे हे नाव आपल्याकडे राहील, नुसतं नाव, चित्राशिवाय. ते आपण हवं तिथे छापावं. पुस्तक निघणार नाही. त्यात माझं किती जातं हे मी मोजलेलं आहे, आपण मोजू नये.

उत्तर लेखी हवं. फोन करू नये, मी घेणार नाही. सायलीमार्फत निरोप देऊ नये. सभेत किस्सा सांगून कळवू नये. टाइप केलेलंही चालणार नाही. आपल्या अक्षरात, शाईने, शुक्रवार दिनांक १२ डिसेंबर रोजी दुपारी बाराच्या आत माझ्या घरी पोहोचलं पाहिजे. बारानंतर आलेलं पाकीट न उघडता परत जाईल.

कोणत्या हाताने लिहायचं ते आपण ठरवावं.

मार्था साळवे, नगर"